थंडी पाऱ्यात की भिंतीत?

आजच्या विषयाचं नाव ‘उत्तरेकडच्या लहान शहरातला हिवाळा’ असं आहे. त्यावरून काहींना वाटलं असेल की आता नॉर्वे-रशियाच्या बर्फाच्या गोष्टी ऐकायला मिळणार. थोड्या मिळतीलही. पण आमच्या डोळ्यांपुढे जे उत्तरेकडचं लहान शहर आहे ते धुळे. इथून, म्हणजे नवीन जालन्याहून निघालं, संभाजीनगर मागे टाकलं, कन्नडचा औट्रम घाट उतरला, चाळीसगाव ओलांडलं की पांझरेच्या काठी लागतं ते. आणि धुळ्याच्या जोडीला निफाड. दर डिसेंबरात वर्तमानपत्रात ही दोन नावं येतात. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो. निफाडला तर २०१८च्या डिसेंबरअखेरीस तो १.८ अंशांवर गेला होता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली ही नोंद. गव्हाच्या संशोधनासाठी ती जागा निवडली गेली, यावरूनच तिथल्या हिवाळ्याची कल्पना यावी.

आता एक गंमत बघा. जालना समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे, धुळे अडीचशेच्या आसपास. घाट उतरून आपण खाली जातो. उंचावर थंडी असते असं शाळेत शिकवतात, मग खाली उतरल्यावर जास्त थंडी कशी? आणि निफाडची रात्र पुष्कळदा महाबळेश्वरच्या रात्रीपेक्षा गार असते, ती का?

याचं उत्तर आकाशात आहे. हिवाळ्यात हिमालयात पश्चिमेकडून येणारे पावसाळी झंझावात बर्फ टाकून पुढे सरकतात. त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. खानदेश त्यांच्या वाटेवर आहे. हवा कोरडी, आकाश निरभ्र, वारा रात्री पडलेला. अशा रात्री जमीन दिवसभर साठवलेली उष्णता सरळ आकाशात फेकते. ढग असते, हवेत बाष्प असतं, तर त्यातली बरीच उष्णता परत खाली आली असती. कोरड्या हवेत ती अडत नाही. जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात जाऊन साचते. म्हणून नदीकाठचं सखल रान रात्री डोंगराच्या माथ्यापेक्षा गार. महाबळेश्वरातही बातमी येते ती वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची, गावातल्या उंच भागाची नव्हे.

आणखी एक बारकावा. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झिलमिलीच्या पेटीत ठेवलेला असतो. गवताच्या पात्यावरचं तापमान त्याहून काही अंशांनी कमी असतं. म्हणून पेटीतला पारा तीन-चार अंश दाखवत असताना खाली पानावरचं दव गोठू शकतं. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवावं. त्याची थंडी पेपरातल्या थंडीहून वेगळी असते.

इथे आमच्या विषयाचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा, संबंध सुरू होतो. थंडी ही आहे कुठे?

लॉकचा एक साधा प्रयोग आहे, १६९०च्या सुमारचा. एक हात ऊन पाण्यात बुडवून ठेवा, दुसरा गार पाण्यात. मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घाला. एका हाताला ते पाणी गार लागेल, दुसऱ्याला ऊन. पाणी तर एकच. म्हणजे गारवा जसा जाणवतो तसा तो पाण्यात नाही, पाणी आणि हात यांच्या संबंधात आहे. हे घरी करून बघण्यासारखं आहे, खर्च काही नाही.

आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ घ्या. स्पर्श तीन प्रकारचा सांगितला आहे. शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत, म्हणजे ऊनही नाही आणि गारही नाही. शीतस्पर्श पाण्याचा, उष्ण तेजाचा. आणि वायू? वायूचा स्पर्श अनुष्णाशीत! मग आपण ‘गार वारा सुटलाय’ म्हणतो ते काय? नैयायिक म्हणणार, गारवा वाऱ्याचा नव्हे, वाऱ्याबरोबर आलेल्या पाण्याच्या कणांचा. आजचं भौतिकशास्त्र हे मान्य करणार नाही. पण गारवा ज्याच्यात जाणवतो त्याच्याच मालकीचा आहे असं धरून चालू नका, शोध घ्या, ही त्यांची शिस्त चांगली आहे. आम्हाला तीच हवी आहे.

सरकारी व्याख्येतही हा सापेक्षपणा आहे, फारसा कोणाच्या लक्षात येत नाही इतकंच. ‘थंडीची लाट’ कधी जाहीर होते? मैदानी भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली उतरायला हवं, आणि शिवाय ते तिथल्या नेहमीच्या तापमानापेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवं. (पारा चार अंशांवर किंवा खाली गेला तर नेहमीचं किती हे बघत नाहीत, सरळ लाट म्हणतात.) म्हणजे जानेवारीत अमृतसरला आठ अंश ही बरी रात्र, आणि मराठवाड्यात तेच आठ अंश कडाका. अंश तेच, पण माणसं, कपडे आणि घरं वेगळी.

घरं म्हटलं की आम्हाला खरं जे सांगायचं आहे ते येतं.

१९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या थंडीवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. निष्कर्ष उलटाच वाटावा असा. तापमान अठरा अंशांच्या खाली गेल्यावर दर एका अंशाला मृत्यू किती वाढतात ते त्यांनी मोजलं. ग्रीसच्या अथेन्समध्ये वाढ २.१५ टक्के, आणि दक्षिण फिनलंडमध्ये ०.२७ टक्के! जिथे समुद्र गोठतो तिथे कमी, आणि जिथे संत्री पिकतात तिथे कितीतरी जास्त. कारण शोधायला ते लोक घरांत शिरले. बाहेर सात अंश असताना फिनलंडच्या बैठकीच्या खोलीत २१.७ अंश होते, अथेन्सच्या खोलीत १९.२. आणि त्याच सात अंशांत बाहेर पडताना डोक्यावर टोपी घालणारे फिनलंडमध्ये ७२ टक्के, अथेन्समध्ये १३ टक्के. आपल्या आज्या ‘कान झाक, कान झाक’ म्हणून मागे लागायच्या ते आठवा.

म्हणजे असं दिसतं की थंड प्रदेश थंडीने तितका मारत नाही. मारतो तो, जो स्वतःला उष्ण प्रदेश समजतो आणि वर्षातले दोन महिने थंड असतो. आपण त्या दुसऱ्या जातीचे. धुळ्याचा उन्हाळा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा, जालन्याचाही फार मागे नाही. घर बांधताना, पंखा-कूलर घेताना, खिडकी कुठे ठेवायची हे ठरवताना आपल्या मनात मे महिना असतो. जानेवारी कोणाच्याच मनात नसतो. आणि ‘आपल्याकडे कुठली आलीय थंडी’ हे वाक्य आपण जानेवारीत शेकोटीजवळ बसून म्हणतो.

२०१५ सालचा आणखी एक अभ्यास, तेरा देशांतल्या सुमारे ७ कोटी ४२ लाख मृत्यूंचा. भारत त्यात नव्हता, हे आधीच सांगतो. त्यात तापमानाशी जोडता येणाऱ्या मृत्यूंचा वाटा ७.७१ टक्के निघाला. पैकी थंडीचा ७.२९ आणि उष्णतेचा ०.४२. आणि यात मोठा भाग कडाक्याच्या थंडीचा नाही, बेताच्या थंडीचा आहे. पेपरात बातमी येत नाही अशा दिवसांचा.

बेताची थंडी माणूस मारते कशी? गारठून मारते असं आपल्याला वाटतं. तसं क्वचित होतं. थंडी लागली की कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, शरीर आतली ऊब राखायला बघतं. त्याने रक्तदाब वाढतो, रक्त थोडं घट्ट होतं, हृदयाला जोर लावावा लागतो. तरुण शरीर हे सहज झेलतं. साठी-सत्तरीच्या माणसाची अडचण दुहेरी. झेलण्याची ताकद कमी, आणि थंडी वाजते आहे ही जाणीवही मंद झालेली. आम्हीही त्याच वयाचे असल्याने हे जरा ठासून सांगतो. मग पहाटे उठून थंड न्हाणीत गेलेला माणूस तिथेच बसतो. दाखल्यावर लिहिलं जातं हृदयविकार किंवा पक्षाघात. ते खोटं नसतं. पण थंडीचं नाव त्यात कुठे येत नाही. अपघाती मृत्यूंच्या सरकारी आकडेवारीत ‘थंडीने मृत्यू’ असा रकाना आहे खरा, पण त्यात बहुधा उघड्यावर सापडलेला माणूस जातो, घरात गेलेला नव्हे.

आता जुन्या आणि नव्या घरांकडे बघू. मराठवाड्यातलं माळवद आणि खानदेशातलं धाबं ही एकाच घराची दोन नावं म्हणा. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर लाकडाचे सर, त्यावर मातीचा जाड थर, लहान खिडक्या. आपण म्हणतो, ही उन्हाळ्यात गार राहणारी घरं. तेवढंच खरं नाही. जाड मातीची भिंत उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते. दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे ते रात्री पोचतं. ज्या प्रदेशात एकाच दिवसात दुपारी अठ्ठावीस आणि पहाटे सहा-सात अंश असतात, तिथे अशी भिंत दोन्ही टोकं छाटून मधलं काहीतरी घरात ठेवते. खानदेश-मराठवाडा नेमका असाच प्रदेश आहे.

त्या माळवदांची जागा काय घेतं आहे? पैसा असला तर स्लॅब, नसला तर पत्रे. पत्र्याचं वागणं मातीच्या उलट. तो उष्णता ताबडतोब घेतो आणि ताबडतोब सोडतो. निरभ्र रात्री तो आकाशाकडे इतकी उष्णता फेकतो की बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आतल्या माणसांच्या श्वासातलं बाष्प त्याला जाऊन लागतं, त्याचं पाणी होतं, आणि पहाटे ते पांघरुणावर ठिबकतं. पत्र्याखाली झोपलेल्याला हे सांगावं लागत नाही. ओली गोधडी ऊब धरत नाही, कारण गोधडीची ऊब कापडाची नसतीच, जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेल्या हवेची असते. तिथे पाणी शिरलं की संपलं. (इथे नैयायिकांना थोडे गुण द्यायला हरकत नाही. गारवा पाण्याचा!)

माळवदाकडे परत जा, असं आम्ही म्हणत नाही. पावसाळ्यात ते गळायचं, दरवर्षी त्यावर माती टाकावी लागायची, आणि भूकंपात त्या वजनाने काय केलं ते १९९३ साली किल्लारीने सगळ्या मराठवाड्याला दाखवलं आहे. पण त्या भिंतीत जी अक्कल होती ती कुठे गेली, हे विचारायला हवं. लडाखमध्ये लेहजवळ सोनम वांगचुक यांच्या सेकमॉल संस्थेच्या इमारती आहेत. ठोकून बसवलेल्या मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे तोंड, त्या बाजूला काच. बाहेर उणे पंधरा असताना आत काहीही न जाळता राहता येतं. तिथे माती टाकून दिली नाही, सुधारली.

उत्तरेच्या थंडीचा तत्त्वज्ञानाच्या इतिहासातला एक दाखला देतो, मग मुद्द्यावर येतो. देकार्त हा आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा जनक मानला जातो. १६१९च्या हिवाळ्यात तो जर्मनीत शेगडीने उबदार केलेल्या एका खोलीत एकटा बसून विचार करत होता, आणि त्याच्या पद्धतीची सुरुवात तिथे झाली असं त्यानेच सांगितलं आहे. तीस वर्षांनी, १६४९च्या अखेरीस, तो स्वीडनच्या राणी क्रिस्तिनाच्या बोलावण्यावरून स्टॉकहोमला गेला. राणीला शिकायची वेळ हवी होती पहाटे पाचची. देकार्त जन्मभर उशिरा उठणारा. भर हिवाळ्यात पहाटेचा प्रवास. ११ फेब्रुवारी १६५० रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, तो न्यूमोनियाने गेला, असं बहुतेक मानतात. थंड देश दोन्ही वेळा होताच. एकदा माणूस काही न सोसता ऊबेत होता, एकदा दुसऱ्याच्या वेळापत्रकावर होता.

दुसऱ्याचं वेळापत्रक. हा शब्द धरून ठेवा.

धुळ्याचा तुरुंग मराठी वाचकाला माहीत असतो तो विनोबांमुळे. २१ फेब्रुवारी १९३२ पासून दर रविवारी विनोबांनी तिथे कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं झालं. तुम्ही आज जे वाचता आहात, म्हणजे बोललेलं कोणीतरी उतरवून घेतलेलं, त्या जातीचं मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण. सुरुवात हिवाळा सरता सरता, शेवट जूनमध्ये. आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण येणारे-जाणारे आहेत, ते सहन कर, असा उपदेश आहे. वेदान्तात या सहन करण्याला तितिक्षा म्हणतात. साधकाच्या षट्संपत्तीतली ती एक. उपाय करायला न धावता, कुरकुर न करता, दुःख झेलणं.

तितिक्षेबद्दल आम्हाला आदर आहे. ती आयुष्यभर शिकवली आहे. पण ती साधकाने स्वतःसाठी घ्यायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या अंगावरची थंडी बघून ‘त्यांना सवय असते’ म्हणणं ही तितिक्षा नव्हे. विनोबा ज्यांच्यापुढे बोलत होते ते तुरुंगात होते आणि बोलणाराही त्याच तुरुंगात होता. फरक तिथे आहे. ‘त्यांना सवय असते’ हे वाक्य बहुधा रजईतून बोललं जातं. आणि वर पाहिलंच की थंडीची खरी सवय फिनलंडच्या माणसाला आहे, आणि त्याची सवय म्हणजे जाड भिंत, तापलेली खोली आणि टोपी. उघड्या अंगाने सोसणं ही सवय नव्हे, तो खर्च आहे. हृदयावर पडणारा.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. दिवाळी झाली की घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीला माणसं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नेमके नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे पूर्ण हिवाळा, ही माणसं परजिल्ह्यात, परराज्यात फडाजवळ कोपीत राहतात. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री किंवा पाचट, खाली जमीन. पहाटे तीन-चारला उठून फडात जायचं, पानांवरचं दव अंगावर घ्यायचं. गाडी भरायला कधी रात्री उठायचं. कारखान्याचं वेळापत्रक. बरोबर लेकरं असतात, कुठे म्हातारी असते. नदीकाठचं, पाण्याखालचं सखल रान म्हणजे ऊस, आणि गार हवा कुठे साचते ते मघाशी सांगितलं.

द्राक्षाच्या बागेचं मात्र तापमान बघितलं जातं. निफाडला पारा खाली गेला की शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, धूर करतो, ठिबकचं पाणी सोडतो, कारण मणी तडकले तर वर्ष गेलं. जळगावकडे केळीवर चरका पडतो, त्याचीही काळजी घेतात. घ्यायलाच हवी, तो त्याचा संसार आहे. पण घडाभोवतीची हवा किती अंश हे आपल्याला माहीत, आणि कोपीत पहाटे चार वाजता किती अंश असतात, हे मोजायला तापमापक कोणी लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरातल्या हवेची सुरक्षित पातळी अठरा अंश सांगितली आहे. कोपीचं सोडा, आपल्या पत्र्याच्या वस्त्यांत हिवाळ्यात ती किती घरं गाठतील?

काही गोष्टी करण्यासारख्या आहेत आणि त्या स्वस्त आहेत. पत्र्याखाली चार बोटं जागा सोडून पोती, चटई, जुनं कापड काहीही ताणलं तरी मधली हवा ऊब धरते आणि ठिबकणं थांबतं. अंगावर जितकं, त्याहून जास्त अंगाखाली हवं. जमीन ऊब ओढून घेते, म्हणून वाकळ आधी खाली, मग वर. म्हाताऱ्या माणसांना रात्रीही कानटोपी. न्हाणीत जाण्याआधी पाणी तापलेलं असावं, माणूस उघडा होऊन पाण्याची वाट बघत बसू नये. रक्तदाबाची गोळी हिवाळ्यात मनाने बंद करू नये. संक्रांतीच्या सुमाराला तीळ, बाजरी, गूळ खातो ते चालू द्या, त्याला आमचा विरोध असण्याचं कारणच नाही.

एक मात्र करू नका. दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कोळसा कोंडलेल्या जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला खोकला येत नाही, गुदमरल्यासारखं वाटत नाही, झोप येते. शेकायचं ते अंगणात, आणि आत येताना शेगडी बाहेर.

कोपीच्या बाबतीत हे सगळं कोयत्यावरच्या बाईने करायचं, असं म्हणणं सोपं आहे. ताडपत्रीवर पाचटाचा थर घातला तर ऊब राहते, पण आत चूल असली तर तेच पाचट पेटतं. म्हणजे चुलीला वेगळा आडोसा पाहिजे, झोपायला जमिनीपासून वीतभर उंच फळी पाहिजे, दुहेरी ताडपत्री पाहिजे. हंगाम सुरू होण्याआधी फडाजवळ हे कोण पोचवणार? मुकादम उचलीत धरेल, म्हणजे तिच्याच कर्जात. कारखाना म्हणेल, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणेल, काम कारखान्याचं. हा तर्क नैयायिकांच्या गार वाऱ्यासारखा आहे, गारवा कोणाचाच नाही. आपल्यापैकी काही जणांची ऊसशेती आहे, काहींचे कारखान्यांत शेअर आहेत, एक-दोन संचालकही इथे बसलेले दिसतात. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तर आम्हाला आवडेल.